कांडप मशीनसाठी अनुदानाचं कर्ज: बँकेच्या मुलाखतीत धंद्याचा हिशेब कसा मांडायचा?

मसाला_डबा

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या उचगावात घरातूनच कांदा-लसूण मसाला करून विकते. महिन्याला सरासरी ८० किलो जातो. त्यातला ५० किलो दुकानांना ४८० रुपयांनी, महिन्याच्या उधारीवर, आणि ३० किलो घरातून ५६० ने रोख. कांडप बाहेर करून घेते. आता स्वतःचं कांडप मशीन, भाजणी यंत्र आणि पॅकिंग मशीन घ्यायचं आहे, दरपत्रक ५ लाखांचं आहे. पीएमएफएमई (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची) योजनेतून अर्ज केलाय, ३५ टक्के अनुदान. प्रस्ताव बँकेत पोहोचला आणि शाखेने पुढच्या आठवड्यात मुलाखतीला बोलावलंय. हिशेब वहीत आहे, पण खातं एकच, घरचं आणि धंद्याचं सगळं त्यातच. काय विचारतील, काय तयारी करू?

खातेवही

ताई, योजनेची माहिती पाठ करण्यात वेळ घालवू नका. मॅनेजरला एकच गोष्ट बघायची असते: हप्ता कुठून येणार. तुमच्याच आकड्यांवरून बघू.

आधी एका घाण्याचा खर्च काढा. १० किलो तयार मसाल्याला मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, मीठ, तेल मिळून समजा ३,१०० रुपये, कांडप मजुरी ४००, गॅस १२०, पिशव्या आणि लेबल १५०, वाहतूक ८०. झाले ३,८५०, म्हणजे किलोला ३८५. (भाव तुमचे टाका, पण मिरचीचं वजन देठ काढून, वाळवून झाल्यावर धरा. बाजारातून आणलेलं वजन धरलं की खर्च कागदावर कमी दिसतो, आणि मुलाखतीत फसायला होतं ते इथंच.)

दुकानाच्या किलोमागे ९५ सुटतात, घरच्या किलोमागे १७५. ५० आणि ३० किलोंचे मिळून महिन्याला १०,००० रुपये.

आता कर्ज. ५ लाखांत तुमचे १० टक्के म्हणजे ५०,०००, कर्ज साडेचार लाख. ११ टक्के व्याज आणि ५ वर्षं धरली तर हप्ता ९,८०० च्या आसपास. म्हणजे आजच्या विक्रीत हप्ता भरला की हातात २०० रुपये. मॅनेजर हे दोन मिनिटांत काढेल, म्हणून त्याच्या आधी तुम्हीच सांगा आणि लगेच पुढचा आकडा ठेवा.

मशीन घरचं झालं की ४० रुपये किलो कांडप जातं, त्या जागी वीज १० रुपये धरा. खर्च ३५५ वर येतो. २०० किलो विक्री धरली, १३० दुकानांना आणि ७० घरातून, तर १६,२५० अधिक १४,३५० म्हणजे ३०,६०० सुटतात. एका बाईची मजुरी ८,००० आणि किरकोळ २,००० वजा करा, राहिले २०,६००. घरखर्चाला ६,००० काढले तरी १४,६०० उरतात आणि हप्ता ९,८००. हप्त्याच्या जवळपास दीडपट. बँकेला साधारण एवढंच प्रमाण दिसायला हवं असतं.

हेही लिहून न्या: किलोमागे सरासरी १५३ सुटतात, महिन्याचा पक्का खर्च हप्त्यासह १९,८००, म्हणजे १३० किलोंच्या खाली विक्री गेली की हप्ता पदरचा. "कमीत कमी किती विकलं पाहिजे?" हा प्रश्न येतोच. त्यावर "जास्तीत जास्त विकू" म्हणून भागत नाही.

आणि ८० चे २०० किलो कसे होणार? नवी दुकानं कोणती, प्रत्येकी किती किलो, त्यांनी कोऱ्या कागदावर शिक्का मारून लिहून दिलं तर उत्तम. मार्च ते मे बाहेरच्यांचं कांडप करून मिळणारी मजुरी वेगळी दाखवा. ती बारा महिन्यांत पसरू नका, पावसाळ्यात डंक (कांडप मशीन) रिकामा असतो हे शाखेतल्या लोकांनाही माहीत आहे.

मिरची_बाजार

वरच्या हिशेबात खेळतं भांडवल सुटलं, आणि मसाल्यात खरं दुखणं तेच आहे. मिरची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घ्यायची, विकायची वर्षभर. वर्षाला २,४०० किलो मसाला म्हणजे, निम्मं वजन मिरचीचं धरलं तर, १,२०० किलो मिरची. वेगवेगळ्या मिरच्यांचा सरासरी भाव किलोला २२० धरला तरी २,६४,००० रुपये हंगामात अडकतात. वर दुकानांच्या १३० किलोंची महिन्याची उधारी ६२,४००. एकूण सव्वातीन लाखांपेक्षा जास्त.

बँक छोट्या उद्योगाला अंदाजित वार्षिक विक्रीच्या २० टक्के खेळतं भांडवल देते, ५ टक्के तुमचे. १२ लाखांच्या विक्रीवर दोन्ही मिळून तीन लाखांच्या आसपास. मेळ बसत नाही ना? दुकानांची उधारी १५ दिवसांवर आणली तर बसतो, नाहीतर लक्ष्मीपुरीतून किंवा गडहिंग्लजच्या बाजारातून मिरची दोन टप्प्यांत घ्यावी लागेल. काय करणार ते ठरवूनच मुलाखतीला जा. आणि हे पैसे मशीनच्या कर्जात मिसळू नका. अनुदान यंत्रं आणि तांत्रिक बांधकामावर आहे, मिरचीवर नाही. त्यासाठी कॅश क्रेडिट (लागेल तसे काढायचे, विक्री झाली की भरायचे, असं कर्जखातं) वेगळं मागा.

टेबल_क्रमांक_३

कागदांचं बोलतो. चालू खातं आजच उघडा आणि पुढची प्रत्येक पावती त्यातच घ्या. जुन्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढून धंद्याच्या जमेवर हिरवी खूण, घरच्या जमेवर लाल. हिरव्याची महिनावार बेरीज आणि वहीतली रोख विक्री मिळून ४०,८०० च्या (तुमच्या ८० किलोंच्या विक्रीच्या) जवळ यायला हवी. एखाद्या महिन्यात फरक पडला तर कारण बाजूला लिहा: लग्नसराई, आजारपण, काही असो. कारण असलेला फरक चालतो. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक आकडा आणि स्टेटमेंटमध्ये दुसरा असला की पुढचं कुणी ऐकत नाही. रिपोर्ट दुसऱ्याने करून दिला असेल तर प्रत्येक ओळ वाचून, नाही पटली ती बदलून घ्या.

बचत गटाचं, मायक्रोफायनान्सचं, जामीन राहिलेलं कर्जही सांगा. क्रेडिट रिपोर्टमध्ये सगळं दिसतं. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, आधी स्वतः बघून घ्या.

मागच्या दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं आता घाईने एका दिवसात भरून नेऊ नका, पोचपावतीवर तारीख असते. नसतील तर नाहीत म्हणा, वही आणि स्टेटमेंट पुढे ठेवा.

अनुदानाबद्दल नीट बोला. १,७५,००० हातात येत नाहीत. ते बँकेत तुमच्या कर्जाच्या नावाने वेगळे ठेवतात, आणि तीन वर्षं खातं नियमित व युनिट चालू राहिलं तर कर्जात वळते करतात. "अनुदान आलं की मिरची घेऊ" असं तोंडून गेलं तर योजना कळलेली नाही असा अर्थ निघतो.

मसाला_डबा

खूप उपयोग झाला. तीन शंका. निपाणीचं एक दुकान महिन्याला २० किलो घ्यायला तयार आहे, ते दाखवू का? प्रस्ताव पुढे सरकवायला एक जण १५,००० मागतोय, द्यावे का? आणि यंत्रवाला म्हणतो आत्ताच ५०,००० दिले तर भाव पक्का.

खातेवही

निपाणी कर्नाटकात. मसाला राज्याबाहेर विकायचा तर विक्री कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी लागते, ४० लाखांची सवलत तिथं नाही. नोंदणी घेणार असाल तरच दाखवा. नाहीतर ते २० किलो हुपरी किंवा इचलकरंजीत शोधा.

१५,००० कुणालाही देऊ नका. अर्ज आणि प्रस्तावाला मदत करणारी जिल्हा संसाधन व्यक्ती योजनेतच नेमलेली असते, तिचा मोबदला सरकार देतं. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयातून नंबर घ्या. कुणी या योजनेत आपल्या जिल्ह्यासाठी ठरलेलं उत्पादन गूळ आहे म्हणून मसाला बसत नाही म्हटलं तर तेही खरं नाही. चालू धंद्याला हीच योजना बरोबर आहे, पीएमईजीपी (केंद्राची रोजगारनिर्मितीची कर्ज-अनुदान योजना) मुख्यतः नव्या युनिटसाठी असते.

यंत्रवाल्याला मंजुरीच्या आधी रोख दिले तर ते तुमचा हिस्सा म्हणून धरले जाणार नाहीत. तुमचे ५०,००० खात्यातूनच जायला हवेत, बाकी बँक थेट विक्रेत्याला देते. दरपत्रकावर जीएसटी क्रमांक आणि मुदत आहे का ते तेवढं बघा.

मिरची_बाजार

मशीन थ्री फेज असेल तर महावितरणकडे नव्या जोडणीचा अर्ज मुलाखतीच्या आधी करा आणि पोच घेऊन जा. घरगुती मीटरवर धंद्याचं मशीन चालवणार असं सांगितलं तर प्रस्ताव तिथंच अडू शकतो. गाळा दुसरीकडे घेणार असाल तर भाडेकरार आणि एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) नोंदणीही त्याच पत्त्यावर लागेल.