मदत हवी आहे: चौथ्या जागेसाठी ॲटलस घ्यावा की ऑसम?

नमस्कार.

हेअरब्रेन्ड स्कीम्सचा २०१८ साली आलेला 'बॅटलटेक' हा खेळ मी गेले काही महिने रात्री जेवणे आटोपल्यावर खेळत आहे, आणि आता अशा ठिकाणी अडकलो आहे की जाणकारांना विचारल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ वाटत नाही. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की १९८४ साली निघालेल्या पटावरच्या खेळाचे हे संगणकावरचे रूप आहे. त्यात आपण भाडोत्री सैनिकांच्या तुकडीचे प्रमुख असतो, दर मोहिमेवर चार महाकाय यंत्रमानव, म्हणजे मेक, उतरवतो आणि प्रतिस्पर्ध्याशी आळीपाळीने खेळ्या करतो. बोटांच्या चपळाईला येथे फारशी किंमत नाही. वजनाच्या हिशेबाला मात्र पुष्कळ आहे.

माझ्या तुकडीत सध्या ७५ टनी ओरियन, ६५ टनी कॅटापुल्ट आणि मोहिमेगणिक बदलणारा एक मेक असे तिघे आहेत, आणि चौथी जागा आजवर ५० टनी हंचबॅककडे होती. मागच्या दोन्ही मोहिमांत या हंचबॅकचे उजवे धड फुटले. त्याची एसी-२० ही तोफ, जिच्यासाठी तो ओळखला जातो, नेमकी त्याच उजव्या खांद्यावर बसवलेली असते; धड गेले की तोफ जाते, त्याच्याबरोबर उजवा हातही गळून पडतो, आणि मग डाव्या हातातला एक मध्यम लेझर व डोक्यातला एक छोटा लेझर एवढ्यावर तो बिचारा उरलेली लढाई रेटतो. दुरुस्तीचा खर्च आणि वाया जाणारे दिवस पाहता त्याला आता विश्रांती द्यावी असे वाटते.

त्याच्या जागी घेण्यासारखे दोन मेक माझ्याकडे आहेत. एक ८० टनी ऑसम, आठ-क्यू या उपप्रकाराचा, आणि दुसरा गेल्या आठवड्यात तिसरा सुटा भाग मिळून एकदाचा जुळून आलेला १०० टनी ॲटलस, एएस-सात-डी. निर्णय भावनेवर न सोडता मी एक तक्ता केला, ज्यात प्रत्येक मेकची सर्व शस्त्रे एकाच खेळीत लागली तर किती मारा होतो हे मांडले. हंचबॅक १७०, ऑसम १७०, ओरियन २०२, कॅटापुल्ट २२० आणि ॲटलस ३२८ असे आकडे आले. तक्ता पाहिल्यावर विचारण्यासारखे काही उरतच नाही, असे आपल्याला वाटेल. मलाही वाटले होते.

प्रत्यक्षात ॲटलसने निराशा केली. एका मोहिमेत शत्रूचा वाहनांचा ताफा निसटण्याआधी गाठायचा होता, तेथे पहिल्या चार खेळ्या तो डोंगराआडून चालतच राहिला आणि पोहोचला तेव्हा कॅटापुल्टचा एक हात गेलेला होता. त्यानंतर ऑसम नेऊन पाहिला, तर ती मोहीम नेमकी हवा नसलेल्या चंद्रावर निघाली आणि दुसऱ्याच खेळीला त्याची तापमानाची पट्टी लाल झाली. दोघांचीही शस्त्रसज्जा मी अजून बदललेली नाही, मिळाली तशीच आहे. माझा प्रश्न असा आहे की तक्त्यात नेमके काय चुकले, आणि या दोघांपैकी कोणाला कायमचे घ्यावे. सढळ हाताने मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद १

आपल्या तक्त्यातील बेरजा बरोबर आहेत, पण त्यात अंतराचा रकाना नाही, आणि हा खेळ अंतरावरच चालतो.

ॲटलसचे ३२८ सुटे करून पाहा. एसी-२० चे १००, चार मध्यम लेझरांचे १००, एसआरएम-६, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या सहा क्षेपणास्त्रांच्या पेटीचे ४८ आणि एलआरएम-२०, म्हणजे लांब पल्ल्याच्या वीस क्षेपणास्त्रांच्या पेटीचे ८०. यांपैकी पहिल्या तिन्ही शस्त्रांचा पल्ला २७० मीटरच्या पुढे नाही, तर लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे १८० मीटरच्या आत आली की त्यांचा नेम ढासळतो. म्हणजे आपला ३२८ हा आकडा १८० ते २७० मीटर या अवघ्या नव्वद मीटरच्या पट्ट्यात खरा आहे. त्याच्या बाहेर उभा असलेला ॲटलस ८० चा मेक आहे आणि आत शिरलेला ॲटलस २४८ चा. आपला ॲटलस चार खेळ्या चालत होता तेव्हा तो १०० टनांचा असूनही शत्रूच्या दृष्टीने एक क्षेपणास्त्रांची पेटी होता.

ऑसमच्या १७० मध्ये तर गंमत आहे. त्यातले १५० तीन पीपीसींचे, म्हणजे लांबवर मारा करणाऱ्या कण-तोफांचे, आणि २० छोट्या लेझरचे. छोटा लेझर ९० मीटरपर्यंतच पोहोचतो आणि पीपीसीचे किमान अंतर ९० मीटर आहे, त्यामुळे हे दोघे एकमेकांना जणू शिवतच नाहीत. ऑसम १७० चा कधीच नसतो. पण ९० पासून ५४० मीटरपर्यंत तो सलग १५० चा असतो, आणि एवढ्या लांबरुंद पट्ट्यात आपला आकडा टिकवणारा दुसरा मेक आपण लिहिलेल्या यादीत नाही. हंचबॅकचे १७० मिळवायला त्याला शत्रूच्या अक्षरशः पायाशी जावे लागते, म्हणून तर त्याचे धड फुटते.

माझे मत ऑसमला. शिवाय पीपीसी लागलेल्या शत्रूचा नेमही काही काळ बिघडतो, ही भर तक्त्यात दिसत नाही.

प्रतिसाद २

वरील विश्लेषण पटले, परंतु निष्कर्ष घाईचा वाटतो, कारण त्यात शस्त्रे डागताना मेकमध्ये साठणारी उष्णता नाही.

ऑसमची मूळ घडण पटावरच्या खेळातून आली आहे आणि तिचा हिशेब फार देखणा आहे, म्हणून तो येथे मांडण्याचा मोह आवरत नाही. सांगाडा ८ टन, इंजिन साडेअकरा, तोल सांभाळणारा जायरो ३, कॉकपिट ३, चिलखत १५, तीन पीपीसी २१, छोटा लेझर अर्धा टन, आणि इंजिनासोबत फुकट मिळणाऱ्या दहांखेरीज आणखी १८ हीट सिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी यंत्रे, प्रत्येकी एक टनाची. बेरीज बरोबर ८० टन. एकूण २८ हीट सिंक, आणि तिन्ही पीपीसी एकदम डागल्या तर उष्णता ३०. दोनच अंकांची तूट, त्यामुळे जुने खेळाडू दोन खेळ्या तिन्ही पीपीसी आणि तिसऱ्या खेळीला दोनच अशी लय धरून हा मेक दिवसभर चालवत. संगणकावरच्या खेळात आकडे वेगळे असले तरी स्वभाव तोच आहे. तीनही बटणे दर खेळीला दाबणाऱ्याला ऑसम शिक्षा करतो, आणि हवा नसलेल्या चंद्रावर हीट सिंकच मंदावतात म्हणून ती शिक्षा दुप्पट वाटते. तेथे एक पीपीसी आळीपाळीने गप्प ठेवायची. याउलट नदी किंवा तळे दिसले की त्यात जाऊन उभे राहायचे, कारण पाण्यात उष्णता झपाट्याने उतरते.

मोहीम स्वीकारण्याआधी ग्रहाचे हवामान लिहिलेले असते. ते वाचण्याची सवय लावून घ्यावी, कारण मेक निवडण्याचा निम्मा निर्णय तेथेच होतो.

प्रतिसाद ३

ॲटलसच्या बाजूने कोणीच बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

डोक्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. कोणत्याही मेकच्या डोक्यावर जास्तीत जास्त ४५ चे चिलखत बसते आणि आतला सांगाडा १६ चा असतो, म्हणजे ६१ झाले की मामला संपला. एसी-२० चा एकच गोळा १०० चा. पीपीसी ५० ची, म्हणजे पूर्ण चिलखत असलेल्या डोक्याला तिचा एक फटका पुरत नाही, दुसराही तेथेच लागावा लागतो. तुकडीच्या मनोधैर्याचे गुण खर्चून नेम धरून केलेला मारा डोक्यावर लागला तर शत्रूचा मेक जवळपास अखंड हाती येतो. मध्यधड फोडून पाडला तर एक सुटा भाग मिळतो, दोन्ही पाय तोडून पाडला तर दोन, आणि चालक संपवून पाडला तर तीन. धागाकर्त्यांनी आपला ॲटलस तीन भाग जमवून उभा केला आहे, त्यामुळे या आकड्यांची किंमत त्यांना मी सांगायला नको.

ॲटलस नाही चुकला, त्याची शस्त्रसज्जा चुकली आहे. तो मिळाला तसा प्रत्येक अंतरासाठी थोडेथोडे वागवतो. एलआरएम-२० चे १० टन आणि तिच्या दारूगोळ्याचे २ टन असे १२ टन काढून टाका. त्या जागी दुसरी एसआरएम-६ बसवा, ३ टन आणि दारूगोळा १ टन, आणि उरलेल्या आठ टनांचे हीट सिंक करा. आता तो २७० मीटरच्या आत २९६ चा झाला, आणि तो आकडा नव्वद मीटरच्या पट्ट्यापुरता नाही. फक्त ताफा अडवण्याच्या मोहिमेवर त्याला नेऊ नका. जिथे शत्रू आपल्याकडे चालत येतो, उदाहरणार्थ तळाचे रक्षण, तिथे न्या.

वजनाला भुलू नये हे मात्र खरे. बॅन्शी तीन-ई हा ९५ टनी मेक पाहिला असेल, त्यातले ४१ टन एकट्या इंजिनाचे. उरल्यासुरल्या जागेत एक पीपीसी, एक एसी-५ आणि एक छोटा लेझर. आपल्या तक्त्याप्रमाणे त्याची बेरीज ११५ येते. आपण निवृत्त करू पाहत असलेला हंचबॅक त्याच्यापुढे भारी ठरतो.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. अंतराचा रकाना घालून तक्ता पुन्हा केला आणि एक वेगळीच गोष्ट डोळ्यांसमोर आली. २७० मीटरच्या पुढे ओरियनकडे एसी-१० आणि एलआरएम-१५ मिळून १२०, तोही ४५० मीटरपर्यंतच. १८० च्या आत एलआरएम जवळपास निकामी, तेव्हा १४२. म्हणजे १८० ते २७० चा पट्टा सोडला तर कोठेही उभा राहिला तरी त्याचे एखादे शस्त्र रिकामे बसलेले असते. मग मी चौथ्या जागेची चिंता करत असताना खरी अडचण पहिल्या जागेवर आहे काय? ओरियनबद्दल मला थोडी आपुलकी आहे, तो माझा पहिला अवजड मेक होता, म्हणून त्याला काढा असे कोणी सांगू नये अशी मनोमन इच्छा आहे.

दुसरा प्रश्न हंचबॅकचा. ॲटलस ताफ्यांच्या मोहिमेवर न्यायचा नसेल तर तेथे हंचबॅकला पुन्हा उतरवावे लागेल. त्याचे उजवे धड वाचवण्याचा काही उपाय आहे का?

प्रतिसाद २

उष्णतेचा हिशेब मांडणारा मीच पुन्हा. ओरियनला काढू नका, पण त्याने काय व्हायचे ते एकदा ठरवा. एलआरएम-१५ चे ७ टन जाऊन एसआरएम-६ चे ३ टन आले की चार टन मोकळे होतात, त्यांचे चार हीट सिंक करा. एलआरएमच्या दारूगोळ्याच्या जागी एसआरएमचा दारूगोळा येईल. मग १८० च्या आत तो १४२ ऐवजी १९० चा होतो. लांबचे काम कॅटापुल्ट आणि ऑसम पाहतील. कॅटापुल्टचे दोन एलआरएम-१५ १२० चे आणि ऑसमचे १५०, म्हणजे ओरियन भिडायला पोहोचेपर्यंत समोरच्याचे चिलखत २७० ने उतरण्याची शक्यता आहे, अर्थात सगळे लागले तर. दर खेळीला सगळे लागत नाही; पळणाऱ्या हलक्या मेकवर तर मुळीच नाही.

हंचबॅकसाठी उपाय साधा आहे, पण प्रत्येक खेळीला आठवण ठेवावी लागते. चाल संपवताना मेकचे तोंड कोणत्या दिशेला असावे ते आपल्याला निवडता येते. तोफ डागायला शत्रू समोरच्या टप्प्यात असला म्हणजे पुरे, तो नाकासमोर असण्याची गरज नसते. म्हणून हंचबॅकला थोडा उजवीकडे वळवून उभा करा, जेणेकरून शत्रूला त्याची डावी बाजू दिसेल. बाजूने आलेला मारा पलीकडच्या धडापर्यंत पोहोचत नाही. डावा हात गेला तर एक लेझर जाईल, तोफ राहील.

दारूगोळाही कोठे ठेवला आहे ते पाहून घ्या. निम्म्याहून अधिक भरलेली पेटी फुटली तर स्फोट होतो, निम्म्याहून कमी असेल तर होत नाही. उजव्या धडात असेल तर पायात हलवा, कारण पायांवर मारा तुलनेने कमी बसतो.

प्रतिसाद १

अंतराचा रकाना सुचवणारा मी पुन्हा. चालीच्या क्रमाचाही विचार करावा. फेरीत हलके मेक आधी चालतात, मग मध्यम, मग अवजड, आणि ॲटलस-ऑसमसारखे सर्वांत जड मेक शेवटी. टप्पे मोठ्या अंकाकडून एककडे उलटे मोजले जातात, त्यामुळे हंचबॅक तिसऱ्या टप्प्यात चालतो आणि ओरियन त्यानंतर, दुसऱ्यात. ऑसमच्या चालकाचे डावपेचांचे कौशल्य आठपर्यंत नेले तर तो एक टप्पा आधी चालू लागतो, आणि मग ओरियन व ऑसम एकाच टप्प्यात एकाच शत्रूवर तुटून पडू शकतात. ॲटलसवर ज्याला बसवायचे आहे त्याच्यासाठी हेच कौशल्य पहिले घ्या.

धागाकर्ता

काल रात्री बदललेला ओरियन, कॅटापुल्ट, ऑसम आणि हंचबॅक अशी तुकडी घेऊन आणखी एक ताफा अडवला. ग्रह वाळवंटी होता, म्हणून ऑसमची एक पीपीसी प्रत्येक खेळीला आळीपाळीने बंद ठेवली आणि पट्टी एकदाही लाल झाली नाही. हंचबॅकला प्रत्येक चालीनंतर उजवीकडे वळवत राहिलो. शेवटी त्याचा डावा हात गेला, उजवे धड शाबूत आहे. ॲटलस दुरुस्तीच्या फलाटावर उभा असून त्याची एलआरएम-२० उतरवण्याचे काम चालू आहे. पुढची मोहीम तळाच्या रक्षणाची मिळाली तर ऑसमला बसवून ठेवून ॲटलसला नेणार आहे, आणि हंचबॅकला तेव्हा सुट्टी.