लेस लावलेला स्लिप ड्रेस : तुम्ही शिवला असेल तर अनुभव सांगा

सुईदोरा :
गेल्या रविवारी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक आवरताना आईचा मोतिया रंगाचा साटीनचा पेटीकोट हाती लागला आणि माझ्या एका जुन्या फजितीची आठवण झाली. डिसेंबर १९९६ मध्ये राजकुमारी डायना न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशन समारंभाला गेली, तेव्हा तिने डिझायनर जॉन गॅलियानो यांनी पॅरिसच्या डिओर कंपनीसाठी केलेला गडद निळा, लेस लावलेला स्लिप ड्रेस, म्हणजे पेटीकोटासारखा बारीक बंदांचा ड्रेस, घातला होता. त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रातून कापून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आणि परीक्षा संपताच तसाच शिवायला घेतला. कापड दुमडून, नेहमीच्या फ्रॉकसारखे सरळ उभ्या धाग्यावर बेतले. अंगात घातला तर तो नितंबांवर अडकला तो अडकलाच. शेवटी बहिणीने एका बाजूची शिवण उसवून मला बाहेर काढले. आई एवढेच म्हणाली, "आतला झगा झाला, आता बाहेरचा कधी शिवणार?"

रविवारी तो पेटीकोट खिडकीशी धरला, तेव्हा त्याचे धागे ४५ अंशांत तिरपे गेलेले दिसले. जी गोष्ट मला कळली नव्हती ती घरातल्याच ट्रंकेत होती. आता पुन्हा शिवायला घेतला आहे, या वेळी उरेब, म्हणजे असा तिरपा कापून. आपापले अनुभव लिहावेत, विशेषतः फसलेले.

पायमशीन :
माझ्या मशीनला तिरके (झिगझॅग) टाके येत नाहीत, म्हणून मी बाजूच्या शिवणी साध्या सरळ टाक्याने घातल्या. उरेब कापड ताणले जाते आणि सरळ टाका ताणला जात नाही, याचा प्रत्यय रिक्षात बसताना आला. कट्कट् असा आवाज झाला आणि घरी पोहोचेपर्यंत मी पर्स मांडीला दाबून धरली होती. दुसऱ्या वेळी कापड दोन्ही हातांनी किंचित ताणून धरत शिवले, ते टिकले. सुईबद्दलही सांगते. मशीनला कायम असलेली १६ नंबरची सुई तशीच ठेवली, तर साटीनचे धागे ओढले जाऊन प्रत्येक टाक्यापाशी आडवी रेघ उमटते. ९ किंवा ११ नंबरची नवीकोरी सुई घालावी.

दुमड_आणि_काठ :
टांगण्याबद्दल कोणीच कसे लिहिले नाही? खालची दुमड घालण्याआधी ड्रेस किमान एक दिवस हँगरला टांगून ठेवावा लागतो, कारण उरेब कापड स्वतःच्या वजनाने हळूहळू उतरत राहते. मी तो बैठकीच्या दाराला टांगला होता. पहाटे पाणी प्यायला उठलेल्या सासूबाईंना दारात कोणी पांढरी बाई उभी आहे असे वाटले आणि सगळे घर जागे झाले. दोन दिवसांनी मोजले, तर डावी बाजू उजवीपेक्षा पावणेदोन इंच खाली आली होती. मग मी ड्रेस घालून स्टुलावर उभी राहिले आणि मुलीने जमिनीपासून पट्टी उभी धरून गोलाकार खुणा केल्या. कापडाचा काठ पाहून दुमड घातली असती, तर ती वाकडीच गेली असती.

सुईदोरा :
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. माझाही सध्या दारालाच आहे.

गोटपट्टी :
साटीन म्हणजे नक्की कोणते घ्यावे? दुकानदार प्रत्येक चकचकीत कापडाला साटीनच म्हणतो.

पन्हा४४ :
गोटपट्टी, त्यात दुकानदाराचे फारसे चुकत नाही. साटीन हे विणीचे नाव आहे. धागा रेशमाचा, रेयॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असू शकतो. पहिल्या प्रयत्नाला स्वस्त पॉलिएस्टर घ्यावे. उरेब बेतायला कापड बरेच जास्त लागते. ४४ इंची पन्ह्यात मला साडेतीन मीटर लागले आणि कोपऱ्यांचे त्रिकोण उरले, त्यांच्या खांद्याच्या बंदांसाठी पट्ट्या निघाल्या. कापड दुमडून बेतू नये, एकेरी पसरून पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा बेतावा. पॅरिसच्या फॅशन डिझायनर मादलेन व्हिओने यांनी १९२०-३०च्या दशकांत उरेब कापाचे पोशाख नावारूपाला आणले. व्हिओने प्रथम लहान लाकडी बाहुलीवर कापड लावून पाहत आणि जास्त पन्ह्याचे कापड मुद्दाम विणून घेत. आपल्याला मात्र ४४ इंचांतच भागवावे लागते.

खळ_लावलेली :
कापड टेबलावरून घसरत असेल, तर साबुदाण्याची अगदी पातळ खळ लावून ते वाळवावे आणि मग बेतावे. वाळल्यावर ते कागदासारखे वागते, पुढे धुतले की पूर्ववत मऊ होते. आधी एका तुकड्यावर करून पाहावे, कारण खऱ्या रेशमावर पाण्याचे डाग राहू शकतात.

नॉटिंगहॅमनिवासी :
मी राहते त्या गावात, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये, लेस मार्केट नावाचा एक भागच आहे. जॉन लीव्हर्स यांनी १८१३च्या सुमारास इथेच लेसचे यंत्र तयार केले. आता त्या लाल विटांच्या गोदामांत घरे आणि कार्यालये आहेत. जुन्या वस्तूंच्या बाजारात मला दोन मीटर सुती लेस मिळाली, पण ती माझ्या मोतिया कापडापुढे फारच पांढरीफटक दिसत होती. म्हणून कोऱ्या चहात दहा मिनिटे बुडवली आणि हवा तो जुनाट रंग आला. पॉलिएस्टरची लेस मात्र चहाला अजिबात दाद देत नाही. मी तीही अर्धा तास उकळून पाहिली आहे.

पायमशीन :
चहात आले घातले होते का?

नॉटिंगहॅमनिवासी :
नाही, पण नवऱ्याने ते पातेले ओट्यावर पाहून गाळणी मात्र काढली होती.

म्हापशाहून :
मी आत्याने विणलेली क्रोशाची लेस गळ्याला लावली होती. तिच्या वजनाने पुढचा गळा इतका खाली आला, की वर ब्लाउज घालावा लागला. हलकी जाळीची लेसच घ्यावी. लावताना ती साटीनच्या वर सपाट ठेवून कच्चा धावदोरा घालावा आणि तिच्या आतल्या कंगोऱ्यावरून अरुंद तिरका टाका फिरवावा. मग उलट बाजूने लेसच्या मागचे साटीन टाक्यापासून दोन मिलिमीटर सोडून कापावे. त्या वेळी डाव्या हाताचे बोट लेस आणि साटीन यांच्या मध्ये ठेवायचे; मी ठेवले नव्हते आणि लेसचे एक फूल थेट कातरीत गेले. पुढे मध्यभागी, जिथे टोक येते, तिथे लेस दुमडण्याऐवजी एका फुलावर दुसरे फूल चढवले तर जोड दिसत नाही.

चेन_नको :
मी कंटाळून एका शिंप्याकडे दिला. त्याने न विचारता सरळ कापाचे अस्तर घातले आणि बाजूला चेनही लावली. अस्तर ताणत नाही, त्यामुळे वरच्या उरेब कापडाचा झोळ पार नाहीसा झाला आणि ड्रेस उशीच्या अभ्र्यासारखा दिसू लागला. वर तो मला म्हणाला, "ताई, आता कसा व्यवस्थित बसला!"

गोटपट्टी :
अभ्रा वाचून हसू आवरत नाही. अस्तर काढले का?

चेन_नको :
काढले, पण सुयांची भोके राहिली. आता तो रात्री झोपताना घालते.

सुईदोरा :
म्हापशाहून, बोटाची सूचना फार उपयोगी पडली. काल कातर फुलाच्या अगदी जवळ जाऊन आली. आईच्या पेटीकोटाची लेस उसवून नव्या ड्रेसला लावण्याचा विचार होता, पण तिचा जुना धागा नखाने ओढताच तुटू लागला, म्हणून ती तशीच ठेवली. ड्रेस काल संध्याकाळी सात वाजता टांगला. आत्तापर्यंत उजवी बाजू पाऊण इंच उतरली आहे आणि डावी अजून हललेली नाही, तेव्हा दुमड उद्यावर.