आइनस्टाइन फेलोशिप केलेलं कुणी आहे का इथे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत हायस्कूलला गणित शिकवते. अल्बर्ट आइनस्टाइन डिस्टिंग्विश्ड एज्युकेटर फेलोशिपला अर्ज करायचं मनात आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: विज्ञान-गणिताचे शालेय शिक्षक अकरा महिने वॉशिंग्टनमध्ये राहून एखाद्या केंद्रीय संस्थेत किंवा काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या) सदस्याच्या कार्यालयात काम करतात. १९९४च्या कायद्याने ही योजना ऊर्जा खात्याकडे आली. नागरिकत्व आणि पाच वर्षं शिकवल्याचा अनुभव, दोन्ही अटींत मी बसते.

अडतंय ते पुढेच. काँग्रेसच्या कार्यालयात शिक्षकाला विधेयकाच्या मसुद्यावर खरंच बोलू देतात, की नुसती टिपणं काढून द्यायची? नासा किंवा नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये (संशोधनाला पैसा पुरवणारी सरकारी संस्था) काम आवडीचं असेल, पण धोरण ठरतं तिथून ते जरा लांबच, असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

आणि रजा! वर्षभर वर्ग सोडायचा तर परत आल्यावर तीच जागा, सेवाज्येष्ठता आणि पेन्शन शाबूत राहावी म्हणून स्कूल डिस्ट्रिक्टकडून (आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेकडून) काय काय लेखी घेतलंत? आमच्या मुख्याध्यापिका तोंडी 'हो' म्हणाल्यात, पण तेवढ्यावर निघायचा धीर होत नाही. कुणाकडे रजेच्या अर्जाचा नमुना असेल तर नाव-गाव खोडून पाठवाल का?