शिकेकाईने न्हाल्यावर केस राठ होतात, काय चुकतंय?

प्रश्न
शांपू सोडून तीन महिने झाले. शिकेकाईची तयार पूड गरम पाण्यात कालवून थेट डोक्याला लावते. तेल निघतं, पण केस केरसुणीसारखे राठ होतात आणि मुळांत चुरा अडकतो. दुसऱ्या दिवशी कंगव्यात, उशीच्या अभ्र्यावर तपकिरी कण. पाणी बोअरचं आहे, बादलीला पांढरा थर धरतो. माझी आजी जन्मभर शिकेकाईनेच न्हायची, सत्तरीतही तिची वेणी माझ्या मनगटाएवढी होती. म्हणून हे सोडवत नाही. मैत्रीण म्हणते, खायचा सोडा घालून बघ. घालू का?

उत्तर १
सोडा नको, ताई. मी चार-पाचदा लावला. सुरुवातीला केस हलके, मोकळे वाटले, मग टोकं तुटायला लागली. सोडा अल्कधर्मी, आपली टाळू किंचित आम्लधर्मी.

उत्तर २
पूड लावू नका, काढा करा. माझ्या कमरेपर्यंतच्या केसांना दहा शेंगा, पाच रिठे आणि मूठभर आवळकाठी लागते. रिठ्याच्या बिया काढून टाका, फेस सालीचा असतो. सगळं रात्री लिटरभर पाण्यात भिजवायचं, सकाळी मंद आचेवर निम्मं होईपर्यंत उकळायचं. कोमट झालं की हाताने कुस्करायचं. शेंगा बुळबुळीत होतात, बोटांवर फेस येतो, आंबूस वास सुटतो. मग जुन्या सुती साडीच्या फडक्यातून पिळून गाळायचं. चहाच्या गाळणीतून बारीक चुरा उतरतोच, आणि तुमचं दुखणं तेच आहे.
शांपूइतका फेस येणार नाही, त्यासाठी रिठे वाढवू नका, त्यानेच केस कोरडे पडतात. डोळे घट्ट मिटा. माझ्या लेकीच्या डोळ्यात एकदा रिठा गेला, अर्धा दिवस डोळे लाल होते. तेव्हापासून तिच्या काढ्यात तो घालतच नाही. उरलेला काढा फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो, मग आंबतो.

उत्तर ३
राठपणावर जास्वंदीची दहा-बारा पानं पाण्यात चुरडून तो बुळबुळीत रस गाळून काढ्यात घाला. आणि पावसाळ्यात शेवटचा तांब्या पावसाच्या पाण्याचा. आम्ही कोकणात पहिल्या दोन-तीन सरींनी कौलं धुऊन निघू देतो, मग पन्हळीखाली पिंप लावतो. त्या पाण्याने केस किती मऊ होतात ते एकदा बघाच.

प्रश्नकर्ती
रविवारी काढा केला. कंगव्यात एक कण नाही! टोकं अजून कोरडी आहेत, जास्वंद पुढच्या वेळी. उकळताना घरभर आजीच्या न्हाणीघराचा वास आला, मी गॅसपाशीच उभी राहिले. एकच शंका, लोखंडी कढईत उकळला तर काढा शाईसारखा काळा झाला. चालेल ना?

उत्तर २
चालेल. आवळ्यातलं टॅनिन लोखंडाला लागलं की काळं होतंच. पांढरा टॉवेल मात्र घेऊ नका, डाग जात नाही.