साडेतीन लाखांत रोड बाइक कोणती घ्यावी? आणि डिसेंबरात पहाटे ती चालवावी कशी?

पाथर्डीफाटेकर

मंडळी, हायब्रिडवर बरीच वर्षं काढली. आता रोड बाइक घ्यायची, एकदाच आणि नीट. बजेट साडेतीन लाख, पेडल-शूज धरून. उंची ५ फूट ७, वय ४१, कंबर अधूनमधून कुरकुरते. नोकरी अंबडला, त्यामुळे चालवायची वेळ पहाटे पाच ते साडेसात. सुट्टीच्या दिवशी त्र्यंबक, गिरणारे, कधी इगतपुरी. यंदा २०० किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायचीय, जमलं तर ३०० ची.

दुकानदार स्पेशलाइज्डची टारमॅक दाखवतोय. ग्रुपमधले दोघं म्हणतात रुबे नाहीतर ट्रेकची डोमाने बघ. एकाचं म्हणणं, जायंटची डिफाय घे आणि उरलेल्या पैशात चाकं बदल. गियर शिमानोचे मेकॅनिकल १०५ (तारेवर चालणारे) पुरतील की डीआय-टू (बॅटरीवरचे) घेऊ?

दुसरं दुखणं थंडीचं. दिवाळीनंतर चार दिवस उत्साह, मग डिसेंबर लागला की सायकल गॅलरीत आणि मी गोधडीत. बोटं आखडतात, पाय बर्फ होतात, नाकाला धार लागते. तुम्ही लोक घालता काय?

---

घाटवळण

कंबर कुरकुरते असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे टारमॅकचा प्रश्न तिथेच मिटला. ती शर्यतीची सायकल आहे. पुढून खाली, बसणं वाकून, आणि टायर जास्तीत जास्त ३२ मिमी. दुकानात दहा मिनिटं बसलं की झकास वाटते. बीआरएमच्या दीडशेव्या किलोमीटरला मान वर करून रस्ता बघायचा असतो, तेव्हा खरा प्रकार कळतो.

रुबे, डोमाने, डिफाय या तिन्ही एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या जातीच्या. फ्रेम पुढून उंच, सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर आखूड. रुबेच्या हँडलखाली २० मिमी दबणारी स्प्रिंग असते आणि नव्या रुबेत ४० मिमीपर्यंत टायर बसतो. डोमाने आणि डिफायच्या चालू पिढीत ३८. आपल्याकडे हा आकडा मी वजनाच्या आधी बघतो. सिंहस्थाच्या कामांनी त्र्यंबक रस्त्याचं काय झालंय ते तुम्हाला सांगायला नको. त्यात रंबलर, त्यात पहाटेचा अंधार. ३२ चा ट्यूबलेस टायर ५५ पीएसआयच्या आसपास ठेवून चालवा, मग २५ च्या टायरवर शंभर भरून हाडं खिळखिळी करणाऱ्यांची कीव येईल. चाक हुकलेस (टायर धरायला कडेला हुक नसलेलं) असेल तर ५ बार, म्हणजे ७२ पीएसआयच्या वर हवा मारायची नाही. हे दुकानात पंप मारणाऱ्या पोऱ्यालाही सांगून ठेवा, त्याला सवयीने शंभर भरायची खोड असते.

पैसे देण्याआधी बाइक अंगाला फिट करून घ्या. नंतर नाही. स्टेम (हँडल धरणारा दांडा) लहान-मोठा करणं, हँडलची रुंदी बदलणं हे खरेदीच्या वेळी दुकानदार बहुतेक वेळा फुकट करतो, महिन्याने त्याचं बिल होतं. आणि सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झालाय, कोटेशन जुनं असेल तर नवं मागा.

---

सराटा

नाव वाचूनच ओळखलं असेल, मी पंक्चरवर बोलणार. मखमलाबाद, गिरणारे, दिंडोरी, पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेला सराटेच सराटे. भरीला बाभळीचे काटे. ट्यूबलेस घ्याच. सराटा घुसला तर तिथल्या तिथे उपटू नका, चाक फिरवून भोक खाली आणा, मग ओढा. आतलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) त्या भोकात जातं आणि दोन-तीन फेऱ्यांत बसतं. कंपनी काहीही म्हणो, आपल्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळून साय धरतं. होळी झाली की व्हॉल्व्ह काढून बघायचं. प्लगचा किट आणि एक ट्यूब जवळ हवीच. टायर कापला गेला तर सीलंट काही करत नाही.

थंडीतली एक गंमत. रात्री घरात २५ अंशांत ८० भरलेली हवा पहाटे ९ अंशांत ७५ वर येते. टायर गळत नसतो, गार हवा आकसते. लोक उगाच व्हॉल्व्हला थुंकी लावून बुडबुडे शोधत बसतात.

---

पाथर्डीफाटेकर

घाटवळण, सराटा, दोघांनाही धन्यवाद. टारमॅक बाद. डीआय-टूचं कोणी बोललंच नाही?

---

अंबडचा फिटर

मी बोलतो. १०५ चं डीआय-टू २०२२ साली आलं, बारा गियर, काम चोख. बॅटरी एका चार्जिंगमध्ये हजारेक किलोमीटर जाते, थंडीत थोडी कमी. म्हणजे २००-३०० च्या बीआरएमला चिंता नाही, निघण्याआधी दिवा हिरवा आहे ना एवढं बघायचं. खरा फायदा थंडीत आणि तोही उत्तररात्री कळतो. आखडलेल्या बोटांनी लिव्हर ढकलायला जोर लागतो, इथे बटण दाबलं की झालं. पण जाड हातमोज्यांत दोन बटणं बोटाला वेगळी कळत नाहीत. चढावर हलका गियर हवा असताना जड पडतो आणि तोंडातून नको ते निघतं. म्हणून हातमोजे घालूनच ट्रायल घ्या, नुसत्या हातांनी नको.

साडेतीनच्या आत डीआय-टू बसवायला दुकानदार हलकी चाकं काढून जड लावणार असेल, तर मी मेकॅनिकल १०५ आणि बरी चाकं घेईन. पुढे क्रँकच्या चकत्या ५०-३४ दातांच्या आणि मागे ११-३४, एवढं मात्र सोडू नका. नांदुरीहून सप्तशृंगी गड चढताना ३४ ला ३४ लागतोच, कोणाच्या मांड्या कितीही दणकट असोत. ब्रेक हायड्रॉलिक डिस्क. एका बोटाने दबतो, आणि पहाटे एखादंच बोट शाबूत असतं.

आणि मागचा डिरेलर (गियर बदलणारा भाग) फ्रेमला जोडणारा हँगर एक जादा, खरेदीच्या दिवशीच मागून घ्या. एवढासा तुकडा, पण प्रत्येक फ्रेमचा वेगळा. घोटीत वाकला तर घोटीत मिळायचा नाही.

---

गावठी_अॅव्हरेज

एवढा खर्च कशाला? लाख-सव्वा लाखात अॅलॉयची फ्रेम येते. उरलेल्या पैशात पाच वर्षांची मिसळ.

---

घाटवळण

@गावठी_अॅव्हरेज, त्यांनी बजेट सांगितलंय, वाचवायचे कसे ते विचारलेलं नाही. :) बाकी अॅलॉय वाईट नाही हे खरंच.

---

निफाडची_ताई

थंडीचं मला विचारा. तुम्ही नाशिकला १० अंशांत कुडकुडता, आमच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५ च्या खाली जातो, पेपरात फोटो येतो तो तिथलाच.

आधी हिशोब समजून घ्या. तापमान ८ आणि तुमचा वेग ३०, तर अंगाला ते ४ अंशांसारखं लागतं. म्हणून जाड स्वेटर कामाचा नाही, वारा अडवणारं हवं. आतून अंगाला चिकटून बसणारा, घाम ओढणारा बेस लेअर, सुती बनियन अजिबात नाही. त्यावर जर्सी, हातांना आर्म वॉर्मर, आणि बिनबाह्यांचं पातळ विंड जॅकेट. ऊन वर आलं की शेवटचे दोन काढून मागच्या खिशात. घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दाराशीच उबदार वाटलं तर चढावर घामाने भिजाल आणि उतारावर तोच घाम गारठवेल. गुडघे झाका, ते आपले आपण तापत नाहीत. विंड जॅकेट नसेल त्या दिवशी देशदूतची दोन पानं जर्सीच्या आत छातीवर. युरोपातले जुने शर्यतवाले घाट उतरताना हेच करायचे. पोचल्यावर वाचताही येतो, जरा ओलसर असतो इतकंच.

पायांसाठी दोन मोजे घालू नका. बूट आवळला की रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. एकच लोकरी मोजा, बुटाच्या जाळीवर बाहेरून टो कव्हर. नाकावर बफ (गळ्यात घालायचा कापडी नळा). तो ओढून घेतला की गार हवा थेट छातीत जात नाही, धारही कमी होते.

आता कपड्यांपेक्षा महत्त्वाचं. कडाक्याची थंडी पडली की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटवतात, घड वाचवायला. तो धूर पहाटे वर चढत नाही, रस्त्यावर कमरेएवढा पसरून राहतो. दम्याचा त्रास असेल तर त्या दिवशी ऊन येईपर्यंत थांबा. आणि कांद्याचे ट्रॅक्टर! पिंपळगाव-लासलगावच्या बाजूला पहाटे भरलेली ट्रॉली चाललेली असते, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. धुक्यात ती एकदम समोर उभी राहते. समोर दमदार दिवा हवाच, नुसता लुकलुकणारा नको. बीआरएमला रात्री दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचंच असतं, तेच रोज वापरा.

---

पंचवटी_ते_म्युनिक

इथे जानेवारीत पारा शून्याखाली आणि रस्त्यावर मीठ. मिठाने चेन आठवड्यात गंजते, बोल्ट धरतात. म्हणून बरेच लोक चांगली सायकल नोव्हेंबरात टांगून ठेवतात आणि मडगार्ड लावलेली जुनी बाहेर काढतात. बर्फ गोठला तर खिळ्यांचे टायर, नाहीतर घरात ट्रेनर. नाशिकला यातलं काही नको. ४१ व्या वर्षी गोधडीतून बाहेर पडणं एवढीच अडचण आहे, आणि त्यावर इथेही औषध सापडलेलं नाही.

एक मात्र सगळीकडे लागू. गार हवा दाट असते. २८ अंशांपेक्षा ८ अंशांची हवा सातेक टक्के जड. तोच जोर लावून वेग कमी दिसेल. डिसेंबरात अॅव्हरेज पडला म्हणून नवी चाकं घ्यायला धावू नका. आणि तहान लागत नसली तरी पाणी प्या.

---

रात्रपाळी

ताईंच्या थरांच्या मुद्द्याला जोड. आपल्या गावच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांच्या गटात रॅम (रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत) पुरी केली. त्या शर्यतीत आधी मोहावीचं वाळवंट आणि पुढे कोलोरॅडोत वुल्फ क्रीक खिंड, सुमारे १०,८५० फूट. भाजणारं ऊन आणि हाडं गोठवणारी रात्र एकाच प्रवासात. तिथे एकच जाड जॅकेट घेऊन चालत नाही, चढवता-उतरवता येणारे पातळ थरच लागतात. आपल्याला पहाटेपासून नऊपर्यंत याचीच छोटी आवृत्ती मिळते.

आणि मिसळ. चढ मारून घामेजलेले सगळे तर्रीसमोर पाऊण तास बसतात आणि परतीच्या वाऱ्यात दातांवर दात आपटतात. प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा बेस लेअर ठेवा, ऑर्डर दिली की आधी तो बदला, मग पाव.

---

पाथर्डीफाटेकर

कमाल माहिती! ठरलं: रुबे किंवा डिफाय, मेकॅनिकल १०५, ३२ चे ट्यूबलेस. बेस लेअर, आर्म वॉर्मर, टो कव्हर आजच मागवले. रविवारी ट्रायलला जातोय. दुकानदार म्हणतो रुबे ५४ ची घ्या, एक मित्र म्हणतो ५२. कोणाचं ऐकू?

---

अंबडचा फिटर

दोघांचंही नको. ५ फूट ७ म्हणजे तुम्ही बरोबर मधे पडता. ५४ पुढून उंच पण लांबही, ५२ आखूड पण खाली. दोन्ही साइज काढायला लावा, प्रत्येकीवर निदान अर्धा तास चालवा, हात हूडवर (ब्रेकच्या रबरी मुठींवर) ठेवून. कोपर सैल राहिलं आणि मानेला ताण नसेल ती घ्या. चालवताना स्वतःचेच शूज आणि हातमोजे. डिफायची एस आणि एम मिळाली तर त्याही. रविवारी सकाळी दुकानात गर्दी असते, शनिवारी संध्याकाळी फोन करून सायकली बाहेर काढून ठेवायला सांगा.