बी-स्कूलच्या प्राध्यापकाला पीएचडी हवी की कंपनीतला अनुभव?

तिरकस (धागाकर्ता): पुतण्याच्या एमबीए प्रवेशासाठी कॉलेजांच्या वेबसाइट चाळतोय. प्राध्यापकांची पानं सगळीकडे सारखीच: पीएचडी, खाली शोधनिबंधांची यादी. युनियनशी वाटाघाटी केल्यात, पगाराची तारीख तोंडावर असताना बँकेकडे ओव्हरड्राफ्ट मागितलाय, असा एक माणूस सापडेना. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’, म्हणजे कामाच्या अनुभवावर नेमायचे प्राध्यापक, आणले. किमान 15 वर्षांचा अनुभव हवा, पीएचडीची अट नाही. पण मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपुढे जायचं नाही! माझ्या मते बी-स्कूलांत निम्मे असेच हवेत.

गणिती_बाई: दमानं घ्या. अमेरिकेत 1959 मध्ये फोर्ड फाउंडेशनसाठी गॉर्डन आणि हॉवेल यांनी अहवाल लिहिला. व्यवसाय-शिक्षणाचा दर्जा त्यांनी पार सोलून काढला. कार्नेगी कॉर्पोरेशन या दुसऱ्या संस्थेचा अहवालही त्याच वर्षीचा, सूर तोच. संशोधनावर भर आला तो त्यानंतर. तुमचा सेल्सवाला आपल्या कंपनीत काय चाललं ते सांगेल. ते का चाललं आणि दुसरीकडे चालेल का, हे तपासायला पद्धत लागते.

तिरकस: पद्धत मान्य, पण ती वापरतं कोण? बढतीसाठी निबंध मोजतात म्हणून निबंध पाडतात. व्हॉट्सॲपवर गूगल फॉर्म, “प्लीज भरा ना”, आलेली उत्तरं एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये, की झाला पेपर. पैसे घेऊन छापणारी जर्नलं आहेतच. डबेवाल्यांवरची गाजलेली केस स्टडी 2010 मध्ये हार्वर्डच्या स्टीफन थॉमके यांनी लिहिली. लोकलने रोज जाणाऱ्या आपल्या मास्तरांना डबे दिसत नव्हते काय?

गणिती_बाई: डबेवाल्यांवर आपल्याकडच्यांनीही लिहिलंय, गाजलं नाही इतकंच. आणि थॉमके काही डबे पोचवत नव्हते, प्राध्यापकच आहेत. म्हणजे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं! आयआयएम अहमदाबादचे अनिल गुप्ता घ्या. शोधयात्रा काढून गावोगाव पायी फिरले, शेतकऱ्या-कारागिरांच्या युक्त्या हनी बी नेटवर्कमधून नोंदवल्या. तेही प्राध्यापकच.

फाउंड्रीवाला_कोल्हापूर: मी एका कॉलेजात पाहुणा म्हणून शिकवतो. खरं सांगू? माझे किस्से चार तासांत संपतात. पाचव्या तासाला पोरं विचारतात, “सर, मग भाव ठरवायचा कसा?” मी सांगणार माझ्या कास्टिंगचा, ओतीव मालाचा. साबण विकणाऱ्यानं काय करायचं, ते तिथल्या पीएचडीवाल्या मॅडमच समजावतात. त्याच मॅडम आमच्या शेडमध्ये येऊन रिजेक्शनच्या नोंदी बघत बसल्या होत्या. कुठला पीस कमावतो नि कुठला खातो, हे त्यांनी दाखवल्यावर आम्ही दोन ऑर्डरी सोडल्या.

तिरकस: अशा मॅडम किती? निम्मे सोडा, 25 टक्क्यांवर येतो. पण बढतीत कारखान्यात काढलेल्या महिन्यांना गुण हवेत.

गणिती_बाई: गुण राहू द्या, आधी वेळ द्या. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवणं, वर नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फायली, उन्हाळ्यात प्रवेशासाठी पालकांना फोन. कारखान्यात जायचं कधी, रविवारी?

फाउंड्रीवाला_कोल्हापूर: रविवारी नको, आमच्याकडं सोमवारी सुट्टी असते.