मदत हवी आहे: इंग्रजीत 'साफ करणे'चे इतके शब्द, परवा मुलाखत

वेंगुर्ल्याची_लेक
धाकट्या भावाची परवा सकाळी इंग्रजीतून मुलाखत आहे. काल सरावात त्याला विचारलं, क्लीन आणि सॅनिटाइझमध्ये फरक काय? तो म्हणाला, एकच, साफ करणे. मग वॉश, रिन्स, वाइप, मॉप, स्क्रब, डस्ट असं एकामागून एक आलं आणि तो गप्पच झाला. घरी येऊन जेवलासुद्धा नाही. मला प्रत्येकाचा मराठी अर्थ एका ओळीत हवाय. डिक्शनरी बघा म्हणू नका, बघून झाली. सगळ्यांपुढे 'स्वच्छ करणे'च लिहिलंय.

शब्दवेडी
ताई, शब्दाला शब्द लावत गेलात तर तो अजून गोंधळेल. गोची आपल्या 'पुसणे'त आहे. आपण फरशी पुसतो, तिथे मॉप. टेबल पुसतो, तिथे वाइप. कपाटावरची धूळ पुसतो, तिथे डस्ट. धुतलेलं ताट पुसतो, तिथे ड्राय. फळा पुसतो तिथे वाइप किंवा इरेज. आपलं एक क्रियापद, त्यांची पाच. 'घासणे'चंही तेच: दात ब्रश करायचे, करपलेली कढई स्क्रब करायची आणि रोजची भांडी नुसती वॉश. 'झाडणे' म्हणाल तर केर झाडला की स्वीप, चादर झाडली की शेक आउट.

तांब्यापितळ
भांडी तांब्याची असतील तर चिंच आणि मीठ लावून पाच मिनिटं ठेवा, मग घासा. कुठलीही पावडर लागत नाही.

वेंगुर्ल्याची_लेक
तांब्याची भांडी नाहीत हो. शब्दवेडी, धन्यवाद. रिन्स राहिलं.

शब्दवेडी
रिन्स म्हणजे विसळणे. साबण लावून झाल्यावर नुसत्या पाण्याने काढायचा.

घाटावरचा
खंगाळणे म्हणा. आमच्याकडे कपडे खंगाळतात.

शब्दवेडी
तांब्यात पाणी घालून, हलवून ओतून दिलं की खंगाळणं. नळाखाली ताट धरलं की विसळणं. इंग्रजीत दोन्हीला रिन्स चालतं, तांब्यासाठी रिन्स आउट. पण मराठीत दोन्ही एक नाहीत.

घाटावरचा
आमची आजी ताटालाही खंगाळणंच म्हणायची. तुमचं ते पुस्तकातलं.

डबेवाली_सून
अहो, त्या मुलाची मुलाखत परवा आहे! नोकरी कसली ते कोणी विचारलंच नाही. हॉस्पिटल, हॉटेल की कुणाचं घर?

वेंगुर्ल्याची_लेक
त्याने काय फरक पडतो? शब्द तेच ना?

डबेवाली_सून
खूप पडतो. मी हॉटेलात हाउसकीपिंगला होते. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझर म्हणाल्या, क्लिअर द टेबल. मी फडकं घेऊन बशा-पेल्यांच्या मधनं टेबल पुसत बसले. त्यांना ताटं उचलायला हवी होती. क्लिअर म्हणजे वरचं सगळं उचलायचं, वाइप डाउन म्हणजे मग पुसायचं, वाइप अप म्हणजे सांडलेलं टिपायचं. टायडी म्हणजे आवरणं, त्यात पाणी लागतच नाही. हे चार शब्द आधी शिकव त्याला.

लेस्टरकर
इंग्लंडची नोकरी असेल तर वॉश अप म्हणजे जेवणानंतरची भांडी घासणं, आणि व्हॅक्यूमला इथे सर्रास हूवर म्हणतात.

जर्सीसिटी
अमेरिकेत वॉश अप म्हणजे हात-तोंड धुवून ये. भांड्यांना डू द डिशेस. लेस्टरकर, सगळं जग इंग्लंड नाही.

लेस्टरकर
मी 'इंग्लंडची असेल तर' असंच लिहिलंय. वाचा.

वेंगुर्ल्याची_लेक
क्रूझवर आहे. गॅली युटिलिटी, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात भांडी घासणं आणि साफसफाई. सांगायचं राहिलं.

गॅलीतला_मालवणी
बाय, हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतंस! मी नऊ वर्षं जहाजावर काढली, पहिली दोन याच कामात. त्याला अर्थ पाठ करायला लावू नको, क्रम सांग: वॉश, रिन्स, सॅनिटाइझ, एअर ड्राय. आमच्या गॅलीत तीन बादल्या असायच्या. लाल साबणाची, करडी साध्या पाण्याची, पांढरी सॅनिटायझरची.

क्लीन म्हणजे डोळ्याला दिसणारी घाण, तेल, खरकटं काढणं. सॅनिटाइझ म्हणजे डोळ्याला न दिसणारे जंतू धोक्याच्या पातळीखाली आणणं, औषधाने किंवा गरम पाण्याने. हाताने भांडी धुताना त्या पाण्याचं तापमान निदान ७७ अंश आणि भांडं आत ३० सेकंद. आधी क्लीन, मगच सॅनिटाइझ, कारण भांड्यावर तेल राहिलं तर औषध खाली पोचतच नाही. हे कारण त्याने मुलाखतीत सांगितलं तर समोरचा पुढचा प्रश्न विचारणार नाही.

शेवटी ड्राय. घरची सवय म्हणून आपण फडक्याने पुसतो. तिथे पुसायचं नाही, वाऱ्यावर सुकू द्यायचं, नाहीतर फडक्यावरचे जंतू परत भांड्यावर. मी पहिल्या दिवशी फडकं घेतलं तेव्हा शेफने हातातून काढून घेतलं होतं. अमेरिकेच्या बंदरात जाणाऱ्या जहाजांवर तिकडचे आरोग्य निरीक्षक न सांगता चढतात, १०० पैकी गुण देतात. ८५ किंवा खाली आले की जहाज नापास.

डबेवाली_सून
आणि ब्लीचमध्ये अमोनियाचं क्लीनर कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. हे विचारतातच.

घाटावरचा
जहाजावर पगार किती असतो?

गॅलीतला_मालवणी
वेगळा धागा काढा. बाय, भावाला आत्ता मोरीत उभा कर. करपलेलं पातेलं हातात दे आणि प्रत्येक काम करताना इंग्रजीत मोठ्याने बोलायला सांग. आय स्क्रेप, आय वॉश, आय रिन्स. आधी स्क्रेप, म्हणजे खरकटं काढणं, ते तू यादीत लिहिलंच नाहीस.

वेंगुर्ल्याची_लेक
उभा केलाय. सकाळच्या भाताचं पातेलं आहे. स्क्रेप आणि स्क्रब यात अडकलाय, विचारतोय की करवंटीने खरवडलं तर कुठलं?

गॅलीतला_मालवणी
खरवडलं तर स्क्रेप. काथ्याने घासलं तर स्क्रब. पुढे चल म्हणाव.